दार मुद्दाम नाहीये

"गोठा म्हण ना, सरळ गोठा! तीन भिंती, वर छप्पर आणि समोरून सगळं उघडं. ढोरं बांधणार आहात का इथे?"

बाबा धापा टाकत होते. खांद्यावर ताडपत्रीची जाडजूड गुंडाळी तशीच होती, कपाळावरून घाम वाहत होता, आणि पाण्याचा घोटही न घेता त्यांनी हे पहिलं वाक्य फेकलं. माझ्या छपरावर.

"निवारा म्हणतात त्याला," मी म्हणालो.

"दार कुठाय?"

"दार नसतं."

"नसतं, की विसरलात?"

"नसतं! मुद्दाम नसतं! आधी नीट विचारा तरी, मग..."

"ओरडू नकोस. दमलोय मी, बहिरा नाही झालोय."

दाजी मागे उभे राहून मिशीतल्या मिशीत हसत होते. "बाबा, टेका तरी जरा. शिव्या द्यायला अख्खी रात्र पडलीय."

यात कोण कोण आहे ते आधी सांगून टाकतो. दाजी म्हणजे माझ्या ताईचा नवरा, सुतार. डोंगरातून एक लांबच लांब पायवाट जाते. तिच्यावरून लोक पाठीला सॅक लावून दिवसच्या दिवस चालतात. हौस म्हणून चालतात, कुणी मागे लागलेलं नसतं. अंधार पडला की अंग टाकायला त्यांना वाटेत निवारे लागतात. जुने निवारे कुजून गेलेत, ते पाडून नवे बांधायचं काम दाजींनी घेतलंय आणि मी त्यांच्याबरोबर आहे. बाबा खाली गावात ताडपत्र्या शिवतात. ट्रकच्या, तंबूच्या, दुकानापुढच्या छपऱ्यांच्या. हातात दाभण आणि तोंडात टोमणा, दोन्ही सारखेच धारदार.

शाळा मी नववीत सोडली. का सोडली ते विचारू नका, विचारलं की माझं डोकं फिरतं. बाकावर बसलं की पाय वळवळायचे, एवढंच. मग बाबांनी दुकानात बसवलं. तिथेही बसायचंच होतं. त्यामुळे आमचं रोज वाजायचं. ताई म्हणायची, या दोघांना एका खोलीत ठेवू नका, काडी लावायची गरजच पडणार नाही. म्हणून तिनेच मला दाजींबरोबर डोंगरात पाठवलं. दाजी मला 'ठिणगी' म्हणतात. मला ते आवडत नाही असं मी दाखवतो.

आता नियम. दाजींचा एक नियम आहे, त्यांच्या उस्तादाकडून आलेला. निवारा बांधून झाला की पहिली रात्र ज्याने छप्पर घातलं त्याने तिथे काढायची, वाटसरू नंतर. आणि एकट्याने नाही काढायची. सोबत असा माणूस आणायचा जो तोंडावर शिव्या घालायला कचरत नाही. दाजींचं म्हणणं असं की स्वतःच्या छपराखाली एकटा झोपलेला माणूस गळक्या छपरालाही कोरडं म्हणतो.

या वेळी छप्पर माझं होतं. भिंती दाजींच्या, झोपायचा फळ्यांचा ओटा आम्हा दोघांचा, पण छप्पर पहिल्या पत्र्यापासून शेवटच्या पत्र्यापर्यंत माझं एकट्याचं. घरी जेवताना दाजींनी विचारलं, "मग बोल, कुणाला बोलवायचं?" मी तोंड उघडायच्या आधी ताई म्हणाली, "शिव्या घालणारा हवाय ना? घरात आहे की एक, मुरलेला."

बाबा आले, पण अट घेऊन आले. खालूनच निरोप धाडला होता आणि वर आल्यावर ओट्याच्या कडेला बसून, पाणी पिऊन, तीच अट पुन्हा वाजवून सांगितली.

"एक थेंब. माझ्या अंगावर एक थेंब पडला तर उद्या सकाळी माझ्याबरोबर खाली उतरायचं. दुकानात बसायचं. परत डोंगराचं नाव काढायचं नाही."

"आणि नाही पडला तर?"

"तर जा वर. हवं तिथे जा. मी शब्द काढणार नाही."

"तुम्ही? शब्द काढणार नाही?"

"बरं, कमी काढीन."

वर म्हणजे खिंडीजवळ. पुढचा निवारा तिथे बांधायचाय, याहून मोठा, आणि त्याचं छप्परही माझंच असं दाजींनी कबूल केलं होतं. त्या छपराचं चित्र मी झोपेत काढत होतो. तेव्हा मी म्हणालो, "मान्य." आवाज जरा जास्तच चढला. दाजींनी आभाळाकडे बघितलं. आभाळ पश्चिमेकडून काळंकुट्ट होत आलं होतं.

"मी आपला खाली ओढ्याकाठी सामानाच्या तंबूत झोपतो," दाजी म्हणाले. "बाप-लेकाच्या मध्ये मी नाही पडत. सकाळी शीळ घालीन."

"जावईबापू, जाताय कुठे? दार का नाही ते तरी सांगून जा," बाबा म्हणाले.

"मी सांगतो," मी म्हणालो. "दार आलं की कडी येते. कडी आली की ती लावणारा येतो. आत चौघं गरम पांघरुणात घोरतात, आणि उशिरा भिजत आलेला पाचवा बाहेर दार बडवत बसतो. म्हणून दार ठेवायचं नाही. जो येईल तो सरळ आत."

"आणि लांडगा आला तर?"

"तोही सरळ आत," दाजी म्हणाले आणि उतरायला लागले.

बाबांनी तपासणी सुरू केली. असं तपासतात की जणू मुलगीच द्यायचीय त्या निवाऱ्याला. भिंतीवर बुक्की मारून बघितली. ओट्याच्या फळ्या हाताने चाचपल्या, कुठे कुसळ लागतं का ते पाहिलं. फळ्यांच्या मधल्या फटी बघून म्हणाले, "लाकूड कमी पडलं वाटतं?"

"फट ठेवलीय. पाऊस आत उडाला तर पाणी खाली जातं."

"सगळं मुद्दामच आहे तुमचं. दार मुद्दाम नाही, फट मुद्दाम आहे."

मी दात आवळले. मग त्यांनी ती गुंडाळी सोडली. नवीकोरी ताडपत्री, कडेने पितळी रिंगा ठोकलेल्या. उघड्या बाजूला टांगली तर इकडून तिकडे बरोब्बर बसली, ना इंचभर जास्त ना कमी. माप त्यांनी गुपचूप ताईकडून मागवलं होतं. "दार नाही तर नाही, पडदा तरी असू दे," म्हणाले. ते बघून मला राग आला आणि त्या शिवणीचं कौतुकही वाटलं, दोन्ही एकदम. माझं असंच होतं.

पडदा लागला तसा निवारा एकदम खोलीसारखा झाला. मी स्टोव्ह पेटवला. अंडी उकडली, पाव शेकला, चहा दोनदा केला. बाबांनी घामेजलेला सदरा आणि ओले मोजे दोरीवर टाकले. गुडघा चोळत बसले. त्यांचा डावा गुडघा मशीनचं पायडल मारून मारून गेलाय, गारवा लागला की ठणकतो. ती चढण ते कसे चढले असतील याचा मी विचार करत होतो, पण विचारलं असतं तर म्हणाले असते, पायांनी.

तेवढ्यात पाऊस आला. असा आला की टिपटिप वगैरे काही नाही, एकदम पत्र्यावर कुणी टोपली उपडी केली. वाऱ्याने सुरुवातीलाच मागच्या भिंतीला धडक दिली. निवाऱ्याची पाठ वाऱ्याकडे आहे, तीही मुद्दाम. मी पत्र्याकडे बघत बसलो, आणि बाबा माझ्याकडे.

"घाबरलास?"

"छे."

"मग चहा कशाला सांडतोयस?"

आम्ही आडवे झालो. बाबांनी टॉर्च काढला आणि उताणे पडून छपरावर प्रकाश फिरवायला लागले. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, सावकाश, जसं शिवलेलं कापड उजेडाला धरून बघतात तसं. खोड काढायचीच असेल तर बाबांच्या नजरेतून मुंगी सुटत नाही. प्रकाश पुढच्या कडेला गेला, जिथे पत्रा संपतो आणि जोडाची घडी दिसते, आणि तिथे थांबला. थांबला तो थांबलाच.

"हे कुणी केलं?"

"मी."

"ते नाही विचारलं. शिकवलं कुणी?"

लांब पन्हळी पत्रे त्या वाटेने वर येत नाहीत, वळणावर अडकतात. म्हणून आम्ही सपाट पत्र्याच्या गुंडाळ्या पाठीवर आणल्या होत्या. दाजी म्हणाले होते, एकावर एक चढवू आणि खिळे मारू. मी म्हणालो, खिळा म्हणजे भोक. त्यावर आमचं कडाक्याचं भांडण झालं, मी हातोडा फेकला, तो ओढ्यात पडला, मीच जाऊन काढला. मग दाजी म्हणाले, बरं, तुझ्या मनासारखं कर, पण गळलं तर तूच निस्तर.

"तुमच्याच ताडपत्रीत आहे की ते," मी बाबांना म्हणालो. "दोन कडा एकमेकींत अडकवायच्या, दुमडायच्या, परत दुमडायच्या आणि चपट्या करायच्या. म्हणजे टाका वर दिसत नाही आणि पाणी आत शिरत नाही. तुम्ही दोऱ्याने शिवता, मी लाकडी हातोड्याने ठोकली."

बाबांनी टॉर्च बंद केला. "बॅटरी संपेल," म्हणाले.

जरा वेळाने परत लावला आणि त्याच घडीवर मारला. परत बंद. परत लावला. मी डोळे मिटून पडलो होतो, पण पापण्यांतून उजेड कळतो.

मग ते घोरायला लागले. मला कसली झोप येतेय! कान पत्र्याला आणि डोळे अंधारात. कंदिलाची वात बारीक करून ठेवली होती. पाऊस रपारप झोडपत होता आणि आत एक थेंब नव्हता. माझी छाती अशी फुगली की पांघरूण वर उचललं गेलं असेल. मनात म्हणालो, दाजी, बघा! शाळेतल्या मास्तरांनाही मनातल्या मनात म्हणालो, बघा! कुणाकुणाला बघा म्हणालो, त्याची मोजदाद नाही.

आणि मग मला ते दिसलं.

बाबांच्या बरोबर डोक्यावर पत्र्याला एक टपोरा थेंब लोंबत होता. कंदिलाच्या उजेडात मोत्यासारखा चमकत होता. तो हलला, जरा उतारावरून घरंगळला, थांबला, फुगला. खाली बाबांचं नाक.

मी गुडघ्यांवर उठलो आणि हात पसरला. बाबांच्या तोंडावर पंजा धरून, श्वास रोखून. थेंब पडला. टप्प. माझ्या तळव्यात.

बाबांनी डोळे उघडले.

विचार करा, माणसाला जाग येते आणि तोंडावर पोराचा पंजा.

"काय करतोयस?" ते म्हणाले. "गळा दाबतोयस का बापाचा?"

"डास होता," मी म्हणालो आणि मूठ मिटली.

"या थंडीत? उघड मूठ."

"काही नाहीये."

"मूठ उघड म्हणतो ना!"

मी मूठ उघडायच्या आत दुसरा थेंब आला आणि बाबांच्या नाकाच्या शेंड्यावर बसला. बाबांनी बोटाने तो पुसला, बोट कंदिलाकडे धरून बघितलं. एकदम निवांत. त्या निवांतपणानेच माझं टाळकं सटकलं.

"गळत नाहीये!" मी ओरडलो. "शक्यच नाही! एकेक घडी मी स्वतः ठोकलीय! तुम्हीच आत येताना पाणी घेऊन..."

"माझ्या नाकातून आला का तो?"

"मला माहीत नाही कुठून आला! पण माझ्या जोडातून नाही आला!"

"ओरडून छप्पर कोरडं होत नाही. टॉर्च दे."

ते उठले. गुडघा कटकन वाजला. ओट्यावर उभे राहून त्यांनी हात वर केला आणि पत्र्याच्या जोडावरून बोट फिरवलं, शिवण तपासतात तसं. मग जोड सोडून मधल्या सपाट पत्र्यावरून फिरवलं. मग परत जोड. खिंडीतलं छप्पर डोळ्यांपुढून वाहून चाललेलं मला दिसत होतं, आणि त्याच्या जागी दुकानातलं ते स्टूल, ज्याचा एक पाय आखूड आहे.

"शिवण कोरडी आहे," बाबा म्हणाले.

"मग?"

"पत्रा ओला आहे. सगळीकडे, सारखा. हात लावून बघ."

मी हात लावला. बारीक बारीक थेंबांनी पत्रा अंगभर भरला होता, ताप उतरताना माणूस घामाने थबथबतो तसा.

"वरून नाही आलं पाणी, आतलंच आहे," बाबा म्हणाले. "आपला श्वास, तुझा दोनदा उकळलेला चहा, ओला सदरा, मोजे. सगळी वाफ वर जाऊन गार पत्र्याला चिकटली. तंबूलाही असाच घाम येतो. म्हणून तंबूला वर झरोका शिवावा लागतो. हवा जायला वाट कुठे ठेवलीत तुम्ही?"

मी मागच्या भिंतीकडे बघितलं.

"सुताराने ठेवली नाही? एवढा दांडगा सुतार, आणि..."

"ठेवली होती," मी म्हणालो. दाजींना कुणी बोललेलं मला चालत नाही. "मागच्या भिंतीच्या डोक्यावर चार बोटं फट ठेवली होती. मुद्दाम."

"मग कुठाय?"

"बुजवली मी. आज सकाळी. दाजी तुम्हाला आणायला खाली गेले तेव्हा. पट्ट्या ठोकल्या आणि वर काथ्या कोंबला."

"का?"

पत्र्यावर पाऊस वाजत होता म्हणून बरं.

"तिथून वारा येतो," मी म्हणालो. "तुमचा गुडघा."

बाबांनी मागच्या भिंतीकडे बघितलं, मग पुढच्या त्यांच्या पडद्याकडे. आणि त्यांच्या पोटातून असं हसू आलं की पहिल्यांदा मला वाटलं, ठसका लागला.

"वा रे वा! पुढून बापाने कोंडलं, मागून लेकाने. मधे बिचारं छप्पर, घाम नाही येणार तर काय!"

"यात हसण्यासारखं काय आहे?"

"तुझं तोंड. आण तो हातोडा."

मी उभा राहिलो आणि सगळ्या पट्ट्या हातोड्याच्या मागच्या टोकाने उपसून काढल्या. काथ्या ओढून काढला. खिळे मीच मारले होते ना, निघताना जीव काढला त्यांनी. बाबा पुढे जाऊन ताडपत्रीच्या रिंगा सोडवत होते. एकेक रिंग सोडताना तोंडाने चालूच, "एवढी मेहनत, एवढं माप, आणि काय तर म्हणे मुद्दाम दार नाही." शेवटची रिंग सुटली तसा वारा मागच्या फटीतून शिरला, छपराच्या पोटाखालून सरसर गेला आणि पुढून बाहेर पडला. गारठा असा की दात वाजले. समोर नुसता काळोख आणि पावसाचा पडदा. पण इतका मोकळा वास आत आला, ओल्या मातीचा आणि ताज्या तासलेल्या लाकडाचा, की मी जागच्या जागी दोन उड्या मारल्या.

बाबांनी ती ताडपत्री दुमडून आमच्या दोघांच्या पांघरुणांवर घातली. कंदील पुढच्या खांबाच्या खिळ्याला टांगला. "पत्रा सुकेपर्यंत झोपायचं नाही," म्हणाले. "बघू दे मला, खरंच सुकतो का ते."

मग आम्ही उताणे पडून पत्रा सुकताना बघितला. ऐकायला वेड्यासारखं वाटेल, पण ते बघण्यासारखं होतं. आधी मागच्या बाजूचे थेंब बारीक झाले, मग मधले, मग कडेचे. बाबा मधूनच टॉर्च मारायचे आणि म्हणायचे, "हं. तो डावीकडचा पट्टा अजून ओला आहे." मी म्हणायचो, "थांबा जरा." आमचं दुकानात कधी एवढं शांततेत बोलणं झालं नव्हतं.

"गुडघा?" मी विचारलं.

"ठणकतोय. ताडपत्री चांगली आहे, कुणी शिवलीय कोण जाणे."

मला कधी डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली ती कुणाच्या तरी बुटांच्या आवाजाने. अजून नीट उजाडलं नव्हतं. कंदिलाच्या उजेडात दोघं जण उभे, एक बाई आणि एक पुरुष, पाठीवर सॅक, नखशिखांत चिंब. बाईचे ओठ निळे पडले होते. दोघंही दरवाजा नसलेल्या दरवाजात थबकून उभे होते, आत यावं की नाही अशा चेहऱ्याने.

मी उठायच्या आत बाबा उठून बसले होते.

"या, या. बाहेर काय उभे राहिलात? सरळ आत या."

"आम्हाला वाटलं, कुणाचं घर आहे," पुरुष म्हणाला. त्याची बोटं इतकी गारठली होती की सॅकचा पट्टा सुटत नव्हता. "वाट चुकलो होतो. वरच्या उतारावरून हा दिवा दिसला, तो धरून आलो. नाहीतर..."

पडदा लावलेला असता तर दिवा दिसलाच नसता, हे मला कळलं. बाबांनाही कळलं. त्यांनी एकदा घडी घातलेल्या ताडपत्रीकडे बघितलं आणि ती उचलून त्या बाईच्या खांद्यांवर टाकली.

मी स्टोव्ह पेटवला. बाई थरथरत ओट्यावर बसली, इकडेतिकडे बघत म्हणाली, "याला दार नाही बसवलेलं?"

मी तोंड उघडलं. पण बाबा आधी बोलले.

"दार मुद्दाम नाहीये," बाबा म्हणाले. आवाज असा की दुकानात गिऱ्हाईकाला चांगलं कापड दाखवताना काढतात तसा. "दार आलं की कडी येते. कडी आली की लावणारा येतो. मग रात्री तुमच्यासारखं कुणी आलं तर काय करायचं? आणि ती मागची फट दिसतेय ना, तीही मुद्दाम आहे. त्याशिवाय पत्र्याला घाम येतो. वर बघा, वर. एक थेंब दिसतोय? खिळ्याचं भोक दिसतंय कुठे?"

दोघांनीही माना वर केल्या. एवढे गारठलेले बिचारे, पण बाबांनी सांगितल्यावर कुणाची टाप आहे न बघायची.

"माझ्या पोराने घातलंय हे छप्पर," बाबा म्हणाले. "एकट्याने. हा काय, चहा करतोय तो."

मी खाली मान घालून चहात साखर टाकत राहिलो. किती चमचे टाकली देव जाणे. ती बाई एक घोट घेऊन म्हणाली, चहा फार गोड आहे, पण आत्ता असाच हवा होता.

उजाडलं. पाऊस थांबला. ते दोघं भिंतीकडेला मेल्यासारखे झोपलेत, त्यांचे मोजे दोरीवर बाबांच्या मोज्यांशेजारी वाळतायत. पत्रा आतून कोरडा ठणठणीत. खालून दाजींची शीळ आली. बाबा बूट घालत होते. मीही माझी पिशवी भरली, कारण पैज म्हणजे पैज. थेंब पडला होता, नाकावर पडला होता, मी बघितला होता.

"भरलीस पिशवी?" बाबा म्हणाले.

"हो. चला. खालीच जायचंय ना?"

"पैज कोण जिंकलं?"

"तुम्ही."

"मोठ्याने बोल."

"तुम्ही! तुम्ही जिंकलात! झालं समाधान? घाम होता तो, पण थेंब म्हणजे थेंब. चला आता!"

"जिंकलो मी, म्हणजे हुकूम माझा." बाबांनी बुटाची नाडी करकचून बांधली. "हुकूम असा, की वर जा. आणि तिथे फट बुजवू नकोस, कुणीही आलं तरी. मी आलो तरी."

मी खांद्यावरची पिशवी परत खाली ठेवली.

"तोंड मीट, माशी जाईल," बाबा म्हणाले. "आणि एक सांगून ठेवतो. तिथली पहिली रात्र असेल तेव्हा शिव्या घालायला मलाच बोलवायचं. दुसऱ्या कुणाला बोलावलंस तर याद राख."

"खिंड फार वर आहे. तुमचा गुडघा..."

"गुडघा माझा आहे. तू तुझं छप्पर बघ."

आणि निघाले सुद्धा, काठी टेकत, एकदाही मागे न बघता. ताडपत्री नेली नाही. ती बाई अजून तिच्यातच गुरफटून झोपलीय. वळणापाशी पोचले तेव्हा मात्र थांबले, वळले आणि वर बघितलं. माझ्याकडे नाही. छपराकडे. ओला पत्रा उन्हात असा झळकत होता की मलाच डोळे बारीक करावे लागले.

ताई विचारेल काय काय झालं, म्हणून त्या दोघांना जाग यायच्या आत ओट्यावर बसून हे सगळं लिहून काढलं. वळणापाशी बाबा अजून थांबले होते का, आणि किती वेळ, ते पण सांगायचं होतं, पण दाजींची तिसरी शीळ झालीय आणि चौथीला ते शीळ नाही घालत, दगड मारतात. पत्र्याची गुंडाळी पाठीवर घ्यायचीय. निघायला हवं मला आता.